स्टिअरिंग, हातोडे, पलंग: पोझनान ते नॉर्शॉपिंग आणि परत

पोलंडमध्ये जड ट्रक चालवण्याचा परवाना आणि व्यावसायिक पात्रतेची नोंद हाती आली, तरी डिजिटल टॅकोग्राफ, म्हणजे चालवण्याचे, कामाचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारे यंत्र, नीट हाताळता येईपर्यंत आमची कंपनी नव्या चालकाला एकट्याने परदेशी पाठवत नाही. त्यामुळे माझी पहिली लांबची फेरी एका अनुभवी मराठी चालकासोबत ठरली. त्यांना आमच्या तळावर सगळेच दादा म्हणतात. मार्ग पोझनानहून जर्मनीतून ट्राफेम्युंडे बंदर, तेथून जहाजाने स्वीडन आणि परतताना थेट पोलंडमधील श्विनोउईश्चे असा होता. रस्ता शिकणे हा या फेरीचा दुय्यम हेतू होता. डॅशबोर्डच्या वर, रेडिओएवढ्या जागेत बसवलेले ते यंत्र माझ्याकडून काय मागते आणि काय स्वतःहून लिहून घेते, हे समजून घेणे हा मुख्य हेतू.

सोमवार

पहाटे पाचच्या आधी तळावर पोहोचलो. चालकाचे कार्ड पांढरे असते, कंपनीचे पिवळे, तपासणी अधिकाऱ्याचे निळे आणि कार्यशाळेचे लाल. माझे पांढरे कार्ड पाच वर्षांसाठी वैध आहे आणि त्याच्या चिपमध्ये माझा कामाचा प्रत्येक मिनिट साठत जाणार आहे. चिपची बाजू वर ठेवून कार्ड पहिल्या खाचेत सरकवले, तेव्हा यंत्राने ते आत ओढून घेतले आणि थोड्या वेळाने विचारले की, मागच्या वेळी कार्ड काढल्यापासून आतापर्यंतची नोंद हाताने भरायची आहे का. येथे घाईने ‘नाही’ दाबण्याचा मोह होतो, कारण बाहेर काम खोळंबलेले असते. दादांनी मात्र बटणावर बोट ठेवण्यापूर्वीच सांगितले, “हो म्हण. तू ‘नाही’ म्हटलंस तर शनिवार-रविवारच्या जागी प्रश्नचिन्ह राहील, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुला रस्त्यावर उभं राहून द्यावं लागेल.” मग सगळा मधला काळ पलंगाच्या चिन्हाखाली भरला, कामाला लागल्याची वेळ नोंदवली आणि सुरुवातीचा देश म्हणून पोलंड निवडला.

चिन्हे चारच आहेत. स्टिअरिंग म्हणजे वाहन चालवणे, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे इतर काम, तिरक्या रेघेचा चौकोन म्हणजे उपलब्धता, आणि पलंग म्हणजे विश्रांती किंवा मध्यंतर. टायर, दिवे, ट्रेलरचे कुलूप आणि माल बांधलेले पट्टे तपासण्याची पंधरा मिनिटे हातोड्यांखाली गेली. ही तपासणी न नोंदवता थेट गाडी सुरू केलेली दिसली, तर तपासणी अधिकारी असा निष्कर्ष काढतो की एकतर तपासणी झाली नाही किंवा ती विश्रांतीच्या वेळेत उरकली, आणि दोन्ही गोष्टी चालकाच्या विरोधात जातात.

चाके फिरू लागताच पहिल्या खाचेसाठी स्टिअरिंगचे चिन्ह आपोआप आले आणि दुसऱ्या खाचेत दादांचे कार्ड असल्यामुळे त्यांच्यासाठी चौकोन आला. पहिल्या सिग्नलला थांबलो, तेव्हा माझे चिन्ह आपोआप हातोडे झाले. यंत्राचा स्वभाव बहुतेक एवढाच आहे. गाडी हलली की ते ‘चालवतो आहे’ लिहिते, थांबली की ‘काम करतो आहे’ असे गृहीत धरते. चालक चहा पितो आहे, झोपला आहे की कागदपत्रांवर सह्या घेतो आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते चालकाने सांगायचे असते आणि वेळेवर सांगायचे असते.

ए २ महामार्गाने श्वियेत्स्कोला सीमा ओलांडली. २ फेब्रुवारी २०२२ पासून डिजिटल टॅकोग्राफ असलेल्या प्रत्येक चालकाला सीमेनंतरच्या पहिल्या सोयीच्या थांब्यावर उतरून नव्या देशाचे चिन्ह हाताने भरावे लागत असे, आणि त्यासाठी सीमेलगतच्या वाहनतळांवर ट्रकांची रांग लागलेली दादांनी पाहिली आहे. आमच्या गाडीत स्मार्ट टॅकोग्राफची दुसरी आवृत्ती आहे, जी २१ ऑगस्ट २०२३ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक झाली. ती उपग्रहाच्या साहाय्याने सीमा स्वतःच टिपते. शिवाय दिवसाची सुरुवात आणि शेवट, माल चढवण्या-उतरवण्याच्या जागा आणि चालवण्याच्या दर तीन तासांनंतरचे ठिकाणही तिच्यात साठते.

बर्लिनला उत्तरेकडून वळसा घालून ए २४ ला लागलो आणि चालवण्याचे सव्वाचार तास पूर्ण होताच पडद्यावर इशारा लुकलुकला. सलग साडेचार तास चालवल्यानंतर पंचेचाळीस मिनिटांचे मध्यंतर सक्तीचे आहे आणि त्याची आठवण यंत्र पंधरा मिनिटे आधी करून देते. यंत्र गाडी थांबवत मात्र नाही. त्या पंधरा मिनिटांत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर नियमभंग होईल आणि त्याचीही नोंद तेच यंत्र तितक्याच निष्ठेने ठेवील. जर्मनीतील महामार्गांवर ट्रकसाठी मोकळी जागा सापडणे हा रोजचा प्रश्न आहे, म्हणून अनुभवी चालक इशाऱ्याची वाट पाहत नाहीत. थांबा आधी ठरवतात आणि तेथपर्यंतचे मिनिट मोजत जातात. आम्ही लिनुमर ब्रूखच्या थांब्यावर वळलो.

तेथे कार्डांची अदलाबदल केली. धावत्या गाडीत खाचा बंद राहतात, त्यामुळे हे काम थांबूनच करावे लागते. आता दादा पहिल्या खाचेत आणि मी दुसऱ्या. दोघे चालक असताना एक सवलत मिळते: बाजूला बसलेला चालक गाडी चालवणाऱ्याला कोणतीही मदत करत नसेल, तर धावत्या गाडीतील पंचेचाळीस मिनिटे त्याचे मध्यंतर म्हणून धरता येतात. गंमत अशी की यंत्र त्या वेळेतही माझ्यासाठी चौकोनच दाखवत राहते, कारण धावत्या गाडीत पलंग निवडताच येत नाही. नोंद एक सांगते, कायदा तिचा अर्थ वेगळा लावतो, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असतात. मला रस्ता दाखवण्याचीही मुभा नव्हती, म्हणून विस्मारपर्यंत गप्प बसून राहिलो.

दुपारी ट्राफेम्युंडेच्या धक्क्याबाहेर गाडी लावली आणि दोन वाजता दोघांनीही पलंग निवडला.

येथून जहाजाचे गणित सुरू होते. रोजची नियमित विश्रांती अकरा तासांची असते आणि ती सलग असावी लागते. पण चालक गाडीसोबत जहाजाने किंवा रेल्वेने जात असेल, तर ती जास्तीत जास्त दोनदा आणि मिळून एक तासापर्यंत खंडित करता येते. अट एवढीच की झोपायला खोली किंवा पलंग मिळाला पाहिजे. साडेआठला जहाजावर चढण्याची पाळी आली, तेव्हा साडेसहा तास विश्रांती झालेली होती. चढायला पंचवीस मिनिटे लागली. कर्मचाऱ्याने दाखवलेल्या जागी गाडी उभी केल्यावर यादीतून जहाजाचे चिन्ह निवडले आणि पुन्हा पलंग लावला. उरलेले साडेचार तास जहाजावर, रात्री दीडच्या सुमारास पूर्ण झाले. त्यामुळे सकाळी ट्रेलेबोर्गला खाली उतरणे हा दुसरा खंड न ठरता नव्या दिवसाची सुरुवात ठरले.

मंगळवार

साडेसहाला स्वीडनच्या भूमीवर उतरलो. दादांनी जाहीर केले की येथून पुढे ते स्टिअरिंगला हात लावणार नाहीत आणि मी सगळे बेत एकट्या चालकाच्या नियमांनी करायचे. म्हणजे दिवसाला नऊ तास चालवणे, आठवड्यातून दोनदाच दहा. आठवड्यात छप्पन्न तासांहून अधिक नाही आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून नव्वदहून अधिक नाही. आकडे पाठ करणे सोपे आहे. अवघड जाते ते हे लक्षात ठेवणे की ‘दिवस’ मध्यरात्री सुरू होत नाही. मागची विश्रांती संपली त्या क्षणापासून चोवीस तास धरायचे आणि पुढची विश्रांती त्या चोवीस तासांच्या आतच पूर्ण झाली पाहिजे. सकाळी साडेसहाला निघालेल्या माणसाला अकरा तास विश्रांती हवी असेल, तर संध्याकाळी साडेसातला गाडी उभी असणे भाग आहे, मग चालवण्याचे तास कितीही शिल्लक असोत.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा लिहिलेली होती. फरक असा की येथे प्रत्येक मिनिटाचा साक्षीदार गाडीतच बसवलेला असतो.

माल्मो, हेल्सिंगबोर्ग आणि पुढे ई ४ ने यॉन्शॉपिंग, असा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. ट्रेलरसह असलेल्या जड ट्रकला येथे ताशी ८० ची मर्यादा असल्यामुळे हे अंतर साडेचार तासांच्या अगदी काठावर येते. म्हणून मध्यंतर दोन तुकड्यांत घेण्याचे ठरले. आधी किमान पंधरा मिनिटे, नंतर किमान तीस, आणि हाच क्रम. आधी तीस आणि नंतर पंधरा घेतली, तर बेरीज पंचेचाळीस येऊनही मध्यंतर पूर्ण होत नाही. दादांचा आणखी एक नियम कायद्यात कुठे लिहिलेला नाही: पंधराचे सोळा आणि तिसाचे एकतीस करायचे. यंत्र घड्याळाच्या पूर्ण मिनिटांत मोजते आणि ज्या मिनिटात जे काम सर्वांत जास्त वेळ सलग चालले, ते संपूर्ण मिनिट त्या कामाच्या नावे लिहिते. चौदा मिनिटे आणि काही सेकंदांचे मध्यंतर कागदावर चौदाच राहते, आणि चौदा म्हणजे शून्य.

गोदामाच्या दारात हा मिनिटांचा हिशेब पुन्हा समोर आला. रांगेत पुढची गाडी सरकली की आपणही दहा-पंधरा मीटर सरकायचे. अशा सरकण्याला त्याच मिनिटातील सलग थांबण्यापेक्षा कमी वेळ लागला आणि ते एकाच मिनिटात बसले, तर ते मिनिट चालवण्यात धरले जात नाही. तेच सरकणे दोन मिनिटांच्या सांध्यावर आले तर त्याची वाटणी वेगळी होते. चालवण्याच्या दोन मिनिटांमध्ये अडकलेले एकटे मिनिट मात्र चालवण्यातच जमा होते, गाडी त्यात जागची हलली नसली तरी. सतत थोडे थोडे सरकत राहण्यापेक्षा समोर चांगली मोकळी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे, ही जुन्या चालकांची सवय यातून आलेली आहे.

रांगेत असतानाचे चिन्ह कोणते, यावर आमची बरीच चर्चा झाली. चौकोन म्हणजे उपलब्धता, आणि ती तेव्हाच खरी, जेव्हा वाट पाहण्याचा अंदाजे कालावधी आधीच माहीत असतो आणि चालकाला गाडीजवळच राहण्याची सक्ती नसते, फक्त बोलावल्यावर कामाला हजर व्हायचे असते. खिडकीवरच्या बाईंनी दीड तास लागेल असे स्पष्ट सांगितले, म्हणून चौकोन योग्य होता. तासाभराने ‘आता कधीही बोलावू’ असे कळले, तेव्हा हातोडे लावले. काही चालक अशा वेळी पलंग लावून मोकळे होतात. यंत्र तक्रार करत नाही. पण त्याच वेळेत माल उतरल्याच्या पावतीवर चालकाची सही सापडली, तर ती विश्रांती खोटी ठरते, आणि खोट्या नोंदीचा दंड तास ओलांडल्याच्या दंडापेक्षा जड असतो. मला स्वतःला असे वाटते की टॅकोग्राफवरची निम्मी भांडणे या एका चौकोनामुळे होत असावीत. इतर तीन चिन्हांना शरीर आहे, हे चिन्ह केवळ एक अट आहे.

बुधवार

व्हेटर्न सरोवराच्या काठाने नॉर्शॉपिंगला गेलो आणि उरलेला माल उतरवला. रस्ता सुंदर आहे, एवढेच लिहून पुढे जातो.

परतताना पोलिसांनी ई ४ वरून बाजूला घेतले. स्मार्ट टॅकोग्राफमध्ये धावत्या गाडीतील काही माहिती रस्त्याकडेच्या उपकरणाला लघुपल्ल्याच्या लहरींवरून देण्याची सोय असते. ज्या गाडीच्या नोंदीत काही संशयास्पद दिसेल, तीच थांबवावी हा त्यामागचा हेतू. आम्हाला नेहमीच्या तपासणीसाठी थांबवले होते. दादांनी दुसऱ्या खाचेतील आपले कार्ड काढून दिले आणि अधिकारी बाईंनी तेथे स्वतःचे निळे कार्ड घातले.

त्यांनी यंत्रातील माहिती संगणकावर उतरवून घेतली, तरी चालू दिवसाची छापील पट्टी मागितली. ती काढणे मला आदल्या रात्रीच शिकवलेले होते. यादीत जाऊन चालकाची चोवीस तासांची नोंद निवडायची, यंत्र करकरत पावतीसारखी अरुंद पट्टी बाहेर सोडते, ती खाली ओढून न फाडता दातेरी कडेवर तिरकी धरून तोडायची. वरच्या भागात तारीख, चालकाचे नाव, कार्डाचा क्रमांक आणि गाडीचा नोंदणी क्रमांक असतो. त्याखाली प्रत्येक ओळीत एक चिन्ह, सुरुवातीची वेळ आणि किती तास-मिनिटे. माझ्या पहिल्या ओळीत पहाटे तीनची वेळ होती, कारण पडद्यावर स्थानिक वेळ दिसत असली तरी छापताना यंत्र समन्वित जागतिक वेळ वापरते आणि उन्हाळ्यात स्वीडन त्याच्या दोन तास पुढे असते. नवा चालक ही पट्टी पाहून दचकतो, असे दादांनी आधी सांगून ठेवले नसते तर मीही यंत्र बिघडल्याचे समजलो असतो. अधिकारी बाईंची पेन्सिल ओळींवरून सरळ खाली गेली. त्या तासांकडे फारशा पाहत नव्हत्या. एका ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीची सुरुवात जुळते का आणि मध्ये प्रश्नचिन्ह आहे का, एवढेच पाहत होत्या.

३१ डिसेंबर २०२४ पासून चालू दिवस आणि त्याआधीच्या ५६ दिवसांच्या नोंदी दाखवाव्या लागतात; त्यापूर्वी ही मर्यादा २८ दिवसांची होती. माझे कार्ड त्याहून नवे असल्यामुळे आधीच्या काळासाठी कंपनीने दिलेले, युरोपीय नमुन्यातील प्रमाणपत्र दाखवले. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना लागणारे चालक-प्रमाणपत्रही त्यांनी पाहिले. वीसेक मिनिटांत सुटका झाली आणि ती वीस मिनिटे हातोड्यांखाली नोंदली गेली.

पुढच्या रस्त्यात दादांनी कार्ड हरवले तर काय, ते समजावले. सात दिवसांच्या आत नव्या कार्डासाठी अर्ज करायचा. दरम्यान पंधरा दिवसांपर्यंत कार्डाविना गाडी चालवता येते, मात्र रोज सुरुवातीला आणि शेवटी पट्टी छापून तिच्यावर नाव, कार्ड किंवा परवान्याचा क्रमांक आणि सही लिहायची, आणि यंत्राने न टिपलेले काम हाताने भरायचे. म्हणूनच कागदाची जादा गुंडाळी गाडीत असावीच लागते. तो कागद उष्णतेने काळवंडतो, त्यामुळे काचेपाशी उन्हात ठेवलेल्या जुन्या पट्ट्या काही आठवड्यांत वाचता येईनाशा होतात. दादांच्या पट्ट्या एका जाड पाकिटात, आसनामागच्या कप्प्यात असतात.

मुक्काम वॅर्नामोला.

गुरुवार

सात वाजता कार्डावर काम सुरू झाले. माल चढवणे दोनपर्यंत लांबले. पट्टे आवळणे हातोड्यांखाली, मधली वाट पाहणे चौकोनाखाली आणि जेवणाची पाऊण तासाची सुट्टी पलंगाखाली. त्यानंतर ट्रेलेबोर्गपर्यंत थेट.

हे जहाज छोट्या पल्ल्याचे असल्यामुळे परवाच्या गणिताची खरी परीक्षा आज होती. सकाळी सातला सुरू झालेल्या दिवसाची विश्रांती उद्या सकाळी सातच्या आत पूर्ण व्हायला हवी. दादांनी मला कागदावर मांडायला लावले. ६:४० ला धक्क्यावर पलंग लावला. रात्री १० ला चढायला सुरुवात, म्हणजे तीन तास वीस मिनिटे जमा. चढण्यात वीस मिनिटे गेली. १०:२० पासून पहाटे ५:३० पर्यंत सात तास दहा मिनिटे. एकूण साडेदहा तास. उतरून बंदराबाहेरच्या वाहनतळावर जायला पंचवीस मिनिटे धरली, तर दोन्ही खंड मिळून पंचेचाळीस मिनिटे होतात आणि तासाच्या आत बसतात. मग आणखी अर्धा तास पलंग, आणि ६:२५ ला अकरा तास पूर्ण. सातच्या मर्यादेला पस्तीस मिनिटे शिल्लक.

“आणि जहाज तासभर उशिरा आलं तर?” मी विचारले.

“उशीर किती त्यावर ठरेल. नऊ तासांची कमी केलेली विश्रांती आठवड्यात तीनदा चालते, पण जहाजावर खंड पाडायची सवलत नियमित विश्रांतीलाच आहे, हे विसरू नकोस,” दादा म्हणाले. “म्हणून मी आज तुला वाटेत कॉफीला थांबू दिलं नाही.”

शुक्रवार

जहाज वेळेवर लागले. उतरताना पुढच्या गाडीचा ट्रेलर उतारावर थोडा अडकला आणि पंचवीसऐवजी एकतीस मिनिटे गेली; सहा मिनिटांनी सगळे पुढे सरकले आणि ६:३१ ला विश्रांती पूर्ण झाली. दादांनी ६:३३ पर्यंत किल्लीला हात लावू दिला नाही.

श्चेचिनवरून एस ३ ने दक्षिणेकडे येताना त्यांनी चालकांच्या वेळेसंबंधीच्या युरोपीय नियमांतील बाराव्या कलमाबद्दल सांगितले, कारण अपघाताने रस्ता बंद पडल्यास नवे चालक तेच कलम सर्वांत आधी पुढे करतात. अनपेक्षित अडचणीत सुरक्षित थांब्यापर्यंत जाण्यासाठी, किंवा आठवड्याच्या विश्रांतीकरिता घरी अथवा तळावर पोहोचण्यासाठी वेळ ओलांडण्याची मुभा आहे; तळासाठी एक तास, आणि आधी तीस मिनिटांचे सलग मध्यंतर घेतल्यास दोन तास. मात्र थांब्यावर पोहोचताच पट्टी छापून तिच्यावर कारण हाताने लिहावे लागते, आणि ओलांडलेला वेळ पुढच्या तीन आठवड्यांच्या आत विश्रांतीच्या रूपाने फेडावा लागतो. रोज वाहतूक कोंडी होणाऱ्या ठिकाणची कोंडी ‘अनपेक्षित’ म्हणून कोणताही तपासनीस मान्य करत नाही.

दुपारी साडेबाराला तळावर आलो. कार्यालयातील कर्मचाऱ्याने माझे कार्ड वाचकात घालून माहिती उतरवली. कार्डाची किमान दर २८ दिवसांनी आणि यंत्राची दर ९० दिवसांनी उतरवावी लागते. दादांनी शेवटची गोष्ट सांगितली, ती कार्ड गाडीत न सोडण्याची. पलंग लावून कार्ड खाचेतच ठेवले तर विश्रांतीची नोंद आपोआप होत राहते आणि सोमवारची हाताने भरण्याची कटकट वाचते, म्हणून अनेक जण तसे करतात. पण तळावर कोणी जागा मोकळी करण्यासाठी ती गाडी पाच मिनिटे जरी हलवली, तरी ते चालवणे ज्याचे कार्ड आत आहे त्याच्याच नावे लिहिले जाते आणि पंचेचाळीस तासांची साप्ताहिक विश्रांती मधूनच तुटते. मी शेवटचा देश म्हणून पोलंड निवडून कार्ड बाहेर घेतले.

१२:४० पासून मोजले तर पंचेचाळीस तास रविवारी सकाळी ९:४० ला भरतात. नियमित साप्ताहिक विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेता येत नाही, त्यामुळे कंपनीच्या वसतिगृहात खोली घेतली. पुढची खेप पुन्हा जर्मनीतून आहे आणि तेथे रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांहून जड ट्रकना बंदी असते. सीमेपर्यंत सव्वादोन तास लागतात, म्हणून निघण्याची वेळ रविवारी रात्री आठ ठरली आहे, आणि या वेळी पहिली खाच माझी व दुसरी रिकामी असेल.